कांडारी मागे पाहतो

शंभर सामन्यांत कांडारीची टीम एक्केचाळीस जिंकायची. वैदेहीने सहा महिन्यांत चार वेळा त्याची ताकद वाढवली, आणि चारही वेळा आकडा जागचा हलला नाही.

हे तिचं कामच होतं. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर तिची कंपनी मोबाइलवरचा एक गोळीबाराचा गेम चालवत असे. पाच जणांची टीम दुसऱ्या पाच जणांवर चालून जाते, आणि खेळणाऱ्याने चोवीस हिरोंमधून आपला एक निवडायचा. कुणी फार भारी पडू नये आणि कुणी अगदीच लिंबूटिंबू राहू नये, म्हणून आकडे कमीजास्त करत बसायचं. बाकीचे तेवीस हिरो तिने ताळ्यावर आणले होते. कांडारी तेवढा येत नव्हता.

कांडारी म्हणजे बंगालीत सुकाणू धरणारा, नावाडी. पन्नाशीचा, पोट थोडं सुटलेला, हातात दुनळी बंदूक आणि खांद्यावर दोरखंड. जखमी साथीदाराकडे दोर फेकायचा आणि त्याला ओढून सुरक्षित जागी आणायचं, ही त्याची खासियत. लोकांना तो आवडायचा. आवडायचा आणि हरायचा.

"काढून टाकू या का त्याला?" क्षितिज म्हणाला. तो गेमचा प्रमुख, मूळचा सांगलीचा, तीन वर्षांपूर्वी कोलकात्यात आलेला. वैदेही इथेच वाढलेली, वडिलांची बँकेतली बदली झाली तेव्हा ती सहा वर्षांची होती. ऑफिसात मराठी बोलणारे हे दोघंच.

"मला एक आठवडा दे," वैदेही म्हणाली. "मी त्याचे सामने बघते. आकड्यात काहीच नाही सापडत."

"सापडत नाही म्हण. 'नाही सापडत' हे बंगाली मराठी."

"बघू दे ना रे."

तिने कांडारी हरलेले साठ सामने एकामागून एक पाहिले. पंचविसाव्या सामन्याच्या आसपास तिला पहिल्यांदा शंका आली, आणि मग ती गोष्ट दिसेनाशी होईना. कांडारी बहुतेक वेळा समोरून मरत होता. समोर शत्रू उभा असायचा, खेळणारा गोळी झाडायचं बटण दाबायचा, आणि गोळी सुटायचीच नाही. कारण नेमकं त्या वेळी कांडारी मागे बघत असायचा.

अगदी थोडं. दर दहा-बारा पावलांनी त्याचं डोकं आणि डावा खांदा किंचित मागे वळायचा, नजर खाली जायची, आणि तो पुन्हा समोर व्हायचा. अर्ध्या सेकंदाचंही काम नव्हतं. पण खांदा वळला की बंदूक वळायची, आणि बंदूक समोर येईपर्यंत गोळी अडायची. खेळणाऱ्यांना वाटायचं, आपलं नेट गेलं.

हिरोंच्या हालचाली खऱ्या माणसांकडून घेतलेल्या असत. अंगभर ठिपके लावलेला काळा पोशाख घालून माणूस चालतो, कॅमेरे ती चाल टिपतात, आणि मग ती हिरोच्या अंगात घालतात. ती साफसूफ करायचं काम लीनाचं. वैदेही तिच्या टेबलापाशी गेली.

"मागे वळणं ना?" लीना म्हणाली. "मी ते काढलंय. दोनदा. दोन्ही वेळा पुढच्या आवृत्तीत परत आलं. मला वाटलं, मीच चुकून जुनी फाइल चढवली. कुणाला सांगितलं नाही, उगाच शिव्या कशाला खायच्या?"

"मूळ शूटिंग आहे?"

होतं. दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या एका हॉलमध्ये झालेलं. काळ्या पोशाखातला एक ठेंगणा माणूस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता. नाव अनादि हालदार, राहणार बजबज. ज्यूट मिलमध्ये कामाला होता, हौसेने जात्रेत, म्हणजे बंगाली लोकनाट्यात, कामं करायचा, म्हणून कुणीतरी त्याला आणलेलं. चाल सुरेख होती, प्रत्येक पाऊल नावेच्या फळीवर टाकल्यासारखं. आणि दर दहा-बारा पावलांनी तो मागे बघत होता.

"काकाबाबू, मागे बघू नका," शूटिंग घेणाऱ्याचा आवाज आला. "सरळ चाला."

"मी कुठे बघितलं?" अनादिबाबू म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता.

ते पुन्हा चालले. पुन्हा वळले. असं सात वेळा झालं, मग शूटिंग घेणाऱ्याने नाद सोडला. वैदेहीने एक वळणं थांबवून मोठं करून पाहिलं. मागे रिकामी हिरवट भिंत होती. अनादिबाबू भिंतीकडे बघत नव्हते. त्यांची नजर खाली होती, कमरेच्या उंचीवर, तिथे कुणी उभं असल्यासारखी. आणि त्या क्षणापुरते ते हसत होते.

तिने तो व्हिडिओ बंद केला आणि वळणं काढायला स्वतःच बसली. दोन दिवस लागले. एकेक चौकट करत खांदा सरळ केला, मान सरळ केली, जुन्या फाइली पुसून टाकल्या. मंगळवारी दुपारी एक वाजता नवी आवृत्ती गेली.

शुक्रवारी आकडा एकोणपन्नास झाला.

क्षितिजने सगळ्यांसाठी खजुराच्या नव्या गुळाची मिठाई, नोलेन गुडाचे संदेश, मागवले. "सहा महिने तू त्याला औषधं देत होतीस," तो म्हणाला, "आणि दुखणं मानेत होतं."

वैदेही हसली. त्या दिवशी तिला खरंच हलकं वाटलं.

तक्रारी सोमवारी सुरू झाल्या.

पहिली हैदराबादच्या एका मुलाची. कांडारी घेऊन खेळताना मागून पावलांचा आवाज येतो, वळून बघतो तर कुणी नसतं, हा बग काढा. मग बराकपूरहून तशीच, मग इंदूरहून, आणि दोन आठवड्यांत दिवसाला चाळीस. अशा खेळात पावलांचा आवाज म्हणजे जिवाशी गाठ, शत्रू मागून येतोय हे कानांनीच कळतं. त्यामुळे सगळे चिडलेले. पण काही जणांनी वेगळंच लिहिलं होतं. एकाने लिहिलं, आवाज शत्रूचा वाटत नाही, अनवाणी पायांचा वाटतो.

वैदेहीने हेडफोन लावला आणि स्वतः कांडारी घेतला. रिकाम्या मैदानात, एकटीने, टीम न घेता. त्याचे बूट लाकडी पुलावर वाजत होते, धप्, धप्. त्यांच्या मधल्या फटीत दुसरं काहीतरी होतं. हलकं, भराभर. तो थांबला की तेही थांबायचं, पण लगेच नाही. आणखी दोन पावलं टाकून.

तिने आवाजांचा सगळा साठा धुंडाळला. अनवाणी पावलांचा आवाज गेममध्ये कुठेच नव्हता.

मग तिने खेळणारे कुठे बघतात त्याचा नकाशा काढला. ते नेहमीचं काम होतं; कॅमेरा कोणत्या दिशेला किती वेळ फिरतो ते ठिपक्यांनी दिसतं. बाकी हिरोंचे ठिपके समोर दाटलेले. कांडारीच्या नकाशात मात्र डावीकडे मागे, खालच्या अंगाला, एक लाल डाग होता. लाखभर माणसं, वेगवेगळ्या गावांत बसलेली, दर दहा-बारा पावलांनी तिथे बघत होती.

भर दुपारची वेळ, आजूबाजूला माणसं बोलत होती, कुणीतरी चहा सांडल्याबद्दल ओरडत होतं. तिने नकाशा मिटवून टाकला.

"आवाजाचा बग आहे, सापडेल," क्षितिज म्हणाला. "आकडा पडलाय का? नाही ना? मग उलट बरंच आहे, लोक बोलतायत. कांडारीला नवी वाक्यं देऊ या. त्या हालदारांना बोलावून घे."

तिने फोन केला. तो अनादिबाबूंच्या बायकोने उचलला. वैदेहीने काम सांगितलं.

"तुम्हीच या," ती म्हणाली. "येऊन बघा त्यांना. मग काय ते ठरवा."

बुधवारी वैदेहीने बालिगंजहून दुपारची बजबज लोकल पकडली. घर नदीच्या बांधाला लागून होतं, दोन खोल्या, पुढे जास्वंदीचं झाड. अनादिबाबू दारातच भेटले. व्हिडिओत दिसले होते त्याहून तब्येतीने चांगले, चेहरा गुळगुळीत, डोळे स्वच्छ. "या, दिदी, या! मला ओळख नाही राहिली तुमची, पण तो ठिपक्यांचा पोशाख आठवतोय. काय खाज सुटायची!" ते मोकळेपणाने हसले, आणि पाहुणीसाठी गरम शिंगाडे, म्हणजे समोसे, आणतो म्हणून बाहेर पडले.

त्यांची बायको, पुतुलदी, त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभी राहिली. "बघितलंत?" ती म्हणाली. "सरळ गेले."

वैदेहीने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे?"

"आमची मुलगी होती, टुसी. आठ वर्षांची. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मेळा बघून दोघं बांधावरून घरी येत होते. हे पुढे, ती मागे. तिची बडबड चालली होती, हे हं हं करत होते. बडबड थांबलेली यांच्या लक्षात आली नाही. वळून बघितलं तर कुणी नाही. नदीला भरती होती." पुतुलदीने हे सगळं एका सुरात सांगितलं, अनेकदा सांगून गुळगुळीत झाल्यासारखं. "सापडलीच नाही. तेव्हापासून हे चालताना मागे बघायचे. दहा-बारा पावलं झाली की बघायचे. आपण बघतो हे त्यांना माहीत नसायचं. मी म्हणायची, अहो, मान मोडेल. बाजारातली पोरं नक्कल करायची."

"आणि आता?"

"तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी. दुपारी बाजारातून आले ते सरळ. मी इथेच उभी होते. एकदाही वळले नाहीत. खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, देवाने सोडवलं माणसाला." तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचा फोटो होता. "संध्याकाळी तो फोटो बघून मला विचारतात, ही कोण? तुझ्या माहेरची का?"

बाहेर सायकलची घंटी वाजली. पुतुलदीने आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. पण बाकी सगळं आठवतं त्यांना. मिलमधल्या माणसांची नावं, नाटकांतली भाषणं, सगळं. तीच तेवढी नाही. आणि मी एकटीने तिला किती आठवू?"

अनादिबाबू शिंगाडे घेऊन आले. वैदेहीने एक कसाबसा खाल्ला. मंगळवारी दुपारी एक वाजता आपण काय केलं ते सांगायला तिचं तोंड उघडेना. सांगायचं तरी कोणत्या शब्दांत?

निघताना अनादिबाबू तिला स्टेशनच्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. चारचा सुमार होता, बांधावर पिवळं ऊन, खाली नदी फुगलेली. वाट अरुंद, म्हणून ते पुढे आणि ती मागे. ते मिलच्या गमती सांगत होते. त्यांच्या चपला वाजत होत्या, तिच्या सँडल वाजत होत्या. आणि तिच्या मागे आणखी काहीतरी वाजत होतं. हलकं, भराभर.

ती वळली. वाट मोकळी होती. दहा-बारा पावलांनी ती पुन्हा वळली.

पुढे वाटेच्या मधोमध एक कुत्रं पसरलं होतं. अनादिबाबूंना वाट द्यायला ते उठून कडेला झालं. त्याने वैदेहीकडे पाहिलं. मग तिच्या मागे, खालच्या बाजूला पाहिलं, कान टवकारले, आणि शेपूट हलवायला लागलं.

"सारखं मागे काय बघताय, दिदी?" अनादिबाबू समोर बघतच म्हणाले. "पडाल. पाणी चढलंय."

ट्रेनमध्ये बसल्यावर वैदेहीला रडू फुटलं. शेजारच्या बाईने न विचारता तिला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी तिने क्षितिजला मीटिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "वैदेही, तू दमलीयस. एका म्हाताऱ्या माणसाला विसरायला झालं, त्यात आपला काय संबंध? आपण एक फाइल साफ केली."

"हेडफोन लाव."

"मी ऐकलाय तो बग."

"नीट ऐकला नाहीस. लाव."

त्याने लावला. तिने रिकाम्या मैदानात कांडारीला चालवलं. क्षितिज टेबलाकडे बघत ऐकत राहिला. मिनिटभराने त्याचा हात आपोआप हेडफोनवर गेला, कानाशी आणखी घट्ट दाबायला.

"थांबव त्याला," तो म्हणाला. तिने थांबवलं. "आता चालव. जोरात."

मग त्याने हेडफोन काढून ठेवला. त्याची मुलगी आभा चार वर्षांची होती, आईबरोबर सांगलीला असायची. तो महिन्यातून एकदा जायचा.

"मूल मागे पडलं की असं येतं," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन पावलं चालतं आणि तीन पळतं. हाक मारत नाही. त्याला खात्री असते, आपण बघणार म्हणून."

वैदेहीने पडद्यावरचा कांडारी बंद केला.

"वळणं परत घातलं तर एक्केचाळीस," क्षितिज म्हणाला. "वरच्यांना मी काय सांगू?"

"एक्केचाळीसवर नाही ठेवणार मी त्याला. चार दिवस दे."

क्षितिजने या वेळी तिचं मराठी सुधारलं नाही.

पुसलेली फाइल मूळ शूटिंगवरून पुन्हा करावी लागली. लीनाने सगळं सोडून ते हाती घेतलं आणि कारण विचारलं नाही. वैदेही आकड्यांना बसली. वळताना बंदूक अडते, ती अडू दे. पण कांडारी मागे बघत असेल तेवढ्या वेळात त्याच्या मागे जो कुणी असेल, त्याला गोळी लागू नये. तो टीमचा असेल, जखमी असेल, कुणीही असो. तिने ते लिहिलं, तपासलं, ऑफिसातल्या दहा जणांना धरून खेळायला लावलं. पहिल्या दिवशी सगळे वैतागले. तिसऱ्या दिवशी लीना कांडारीच्या मागे मागे चालायला शिकली, आणि तिची टीम ओळीने चार सामने जिंकली.

पुढच्या गुरुवारी दुपारी बारा वाजता नवी आवृत्ती गेली. साडेबाराला वैदेहीचा फोन वाजला. पलीकडे पुतुलदी होती, आणि तिच्याही पलीकडे कुणीतरी मोठ्याने रडत होतं.

"नळावरून पाणी आणत होते," पुतुलदी म्हणाली. "मधेच उभे राहिले. मागे वळले. बादली सोडून तिथेच बसले आणि तिला हाका मारायला लागले. शेजारचे धावत आले. नऊ वर्षांत रडले नव्हते हो कधी."

"पुतुलदी, मी..." वैदेहीला विचारायचं होतं, हे बरं झालं की वाईट झालं? तेवढंच तिला हवं होतं.

"मला कळत नाही, मी तुम्हाला का फोन केला," पुतुलदी म्हणाली. "कुणाला तरी सांगावंसं वाटलं. चुलीवर भात आहे." आणि तिने फोन ठेवला.

पावलांच्या तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. आकडा आधी घसरला, मग सेहेचाळीसपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. क्षितिजने वरच्यांना कळवलं की हिरो जरा कमजोर आहे, तसाच राहील.

जानेवारीत अनादिबाबू नवी वाक्यं बोलायला आले, बरोबर पुतुलदी. ते वाळले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मुकाट्याने त्यांनी एकेक वाक्य वाचलं. आवाज पूर्वीपेक्षा चांगला लागला होता. शेवटचं वाक्य मागे वळताना म्हणायचं होतं. लेखकाने लिहून दिलं होतं, 'घाबरू नका, मी आहे.'

अनादिबाबूंनी कागद बाजूला ठेवला. "हे मी नाही म्हणणार. माझं म्हणतो."

वैदेहीने काचेपलीकडून मान हलवली.

ते माइकपासून थोडे वळले, डावीकडे, खाली बघत. "येतेयस ना?" ते म्हणाले. मग थांबले. दोन श्वास गेले असतील. "ये, सावकाश ये."

लीनाने लगेच आवाज पडद्यावर उघडला. "मधला पॉज कापते. फार लांब आहे, उगाच रिकामा."

"राहू दे," वैदेही म्हणाली.